एकदा विकलेला माल

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या दुकानात जा. गल्ल्यामागे देवाचा फोटो, त्याखाली ‘आज रोख उद्या उधार’ आणि त्याच्याही खाली ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. लहानपणी मला वाटायचं की ही पाटी दुकान उघडण्याच्या परवान्याबरोबरच मिळत असावी.

पण त्या दुकानदाराची एक बाजू तरी होती. माल समोर काउंटरवर असायचा. तुम्ही तो हातात घ्यायचात, उजेडात धरायचात, आईला दाखवायचात, आई नाक मुरडायची आणि मग घासाघीस करून घ्यायचात. ऑनलाइन जुनी नाणी विकणाऱ्या मंडळींनी मात्र यातली फक्त पाटी उचलली. ‘नो रिटर्न्स, नो रिफंड, फोटो नीट बघूनच ऑर्डर करा.’ आणि फोटो कसला? तर ट्यूबलाइटखाली, सोफ्याच्या कव्हरवर नाणं ठेवून मोबाइलने काढलेला. त्यात राजाचं नाक कुठे आहे तेही धड कळत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. नाणी, नोटा, पोस्टाची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्याने ‘नो रिटर्न्स’ लिहिणं हा शुद्ध पळपुटेपणा आहे. आणि हे कोण सांगतंय? तर जवळजवळ दोन वर्षं तेच वाक्य प्रत्येक लिस्टिंगखाली कॉपी-पेस्ट करणारा मी. तेव्हा आधी माझीच गोष्ट सांगतो.

आजोबा गेल्यावर त्यांचा एक पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. आत ब्रिटिशकालीन रुपये, अधेल्या, थोडे आणे. मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे भावनेआधी एक्सेल शीट तयार झाली. :) मग वाचत गेलो, वजनकाटा आणला, भिंग आणलं, जोड नाणी विकायला लागलो, नवी घ्यायला लागलो. शनिवार-रविवारचा उद्योग झाला.

२०२२ मध्ये त्या डब्यातला सहाव्या जॉर्जचा १९३८चा रुपया मी एका साइटवर लावला. मस्त चकाकत होता. वर्णनात ठोकून दिलं – ‘यूएनसी’. म्हणजे अनसर्क्युलेटेड, कधीच चलनात न वापरलेलं. किंमत ३,८०० रुपये. सांगलीकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी घेतला. चौथ्या दिवशी त्यांचा मेसेज आला – ‘नमस्कार. नाणे सुखरूप मिळाले. पॅकिंग उत्तम. परंतु नाणे घासलेले आहे. दिव्याखाली फिरवले असता झळाळी फिरत नाही व बारीक चरे दिसतात. कृपया परत घ्यावे.’

इथे नाण्यांचं ज्यांना वेड नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टांकसाळीतून ठोकून निघालेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर धातू वाहून गेल्याच्या अतिसूक्ष्म रेषा असतात. नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. कोणी एकदा जरी नाणं घासलं की त्या रेषा गेल्या. चकाकी राहते, पण ती भांड्याची चकाकी. ती एका जागी उभी राहते, फिरत नाही. आणि घासलेल्या नाण्याची किंमत धाडकन खाली येते, कारण ही इजा परत भरून काढता येत नाही. काळं पडलेलं नाणं संग्राहक आनंदाने घेतो. घासून लख्ख केलेलं घेत नाही. बाहेरच्या माणसाला हे बरोबर उलटं वाटतं.

तर मी त्या सरांना काय उत्तर दिलं? ‘फोटोत आहे तसंच नाणं पाठवलंय. नो रिटर्न्स.’ बस, दोन ओळी. आपल्या वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला! त्यांनी डिस्प्यूट टाकला. मी लिस्टिंगचे फोटो, पॅकिंगचे फोटो, वजन (११.६६ ग्रॅम, अगदी बरोबर) सगळं जोडलं. साइटने निकाल दिला – नाणं फोटोशी जुळतंय, सबब विक्रेता बरोबर. मी जिंकलो. शुक्रवारी ऑफिसच्या मित्रांना सांगून चहाही पाजला.

त्या दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. बोलता बोलता डब्याचा विषय निघाला. आत्या म्हणाली, “अरे ते रुपये होय? लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी आणि ताई मागच्या अंगणात बसून घासायचो की! रांगोळी घ्यायची आणि अंगठ्याने घासायचं. आई म्हणायची, तोंड दिसलं पाहिजे त्यात. अण्णांना कधी कळलं नाही, आम्ही पूजा झाली की परत डब्यात टाकायचो.”

घ्या! दरवर्षी, निदान दहा-बारा वर्षं, रांगोळीने. त्या सरांना चार दिवसांत जे दिसलं ते मला दोन वर्षं भिंग घेऊन बसून दिसलं नव्हतं. खरं सांगायचं तर, दिसायला नको होतं.

त्या रात्री मी तो जिंकलेला डिस्प्यूट परत उघडून वाचला. त्यात कुठेही मी खोटं बोललो नव्हतो. फोटो खरा होता, वजन खरं होतं. खोटी फक्त तीन अक्षरं होती – यू, एन, सी. आणि किंमत त्या तीन अक्षरांचीच होती.

आमच्या धंद्यात... म्हणजे सॉफ्टवेअरच्या, एक जुना विनोद आहे. टेस्टर बग घेऊन येतो, डेव्हलपर म्हणतो, “माझ्या मशीनवर तर चालतंय.” कुठल्याही टीममध्ये असं म्हणणाऱ्याची आपण टिंगल करतो. पण विक्रेते झालो की तेच वाक्य आपण छातीठोकपणे लिहितो – ‘माझ्याकडून निघालं तेव्हा नीट होतं.’ अहो, गिऱ्हाइकाची तक्रार हा बग रिपोर्ट आहे. दहातला एखादा चुकीचा असेल. म्हणून बग नोंदवायची सोयच बंद करायची का?

आता मुद्द्यावर येतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात विकणाऱ्याला जेवढं माहीत असतं तेवढं घेणाऱ्याला माहीत नसतं. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून हेच मांडलं, आणि २००१ मध्ये त्याला या कामासाठी (आणखी दोघांबरोबर विभागून) नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं – चांगली गाडी कोणती आणि खटारा कोणता हे गिऱ्हाइकाला कळत नसेल तर तो सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. मधल्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगले विक्रेते बाजार सोडतात आणि मग उरतात खटारेच.

आता तुमच्या आवडत्या साइटवर जाऊन ‘शिवकालीन होन’ शोधा. खरा होन किती दुर्मीळ आहे ते इतिहासाच्या कुठल्याही अभ्यासकाला विचारा, आणि मग तिथे ‘ओरिजिनल’ म्हणून शे-पाचशे रुपयांना किती पडलेत ते बघा. १९३९चा रुपया दुर्मीळ, म्हणून १९३८च्या रुपयातला ८ कोरून ९ केलेली नाणी फिरतात. १९४४चा रुपया ‘प्युअर सिल्व्हर’ म्हणून विकतात, जेव्हा १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली होती. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. १९४७चा वाघवाला रुपया तर चक्क निकेलचा. चुंबकाला चिकटतो बिचारा, आणि लिस्टिंगमध्ये चांदीचा! या सगळ्यांखाली एक ओळ मात्र न चुकता असते. कोणती? बरोबर ओळखलंत. पाटी.

म्हणजे ‘नो रिटर्न्स’ ही ओळ चोरालाही तेवढीच स्वस्त पडते जेवढी प्रामाणिक माणसाला. किंबहुना चोराला जास्त सोयीची. मग ती लिहून तुम्ही स्वतःला कोणाच्या रांगेत उभं करताय?

अमेरिकेत नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या स्वतंत्र कंपन्या निघाल्या – पीसीजीएस १९८६ मध्ये, एनजीसी १९८७ मध्ये. नाणं तपासायचं, १ ते ७० मध्ये गुण द्यायचे आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करायचं. का? कारण विकणाराच परीक्षक असेल तर त्याच्या मुलाला नेहमीच पहिला नंबर मिळतो. पण आपल्याकडे हजार-दोन हजाराच्या नाण्याला तो खर्च परवडत नाही. अशा नाण्यासाठी परीक्षक एकच – घेणारा, त्याच्या घरी, त्याच्या दिव्याखाली. परताव्याचा हक्क म्हणजे गरिबाची ग्रेडिंग कंपनी आहे. तो काढून घेतलात की परीक्षाच रद्द.

कायदा म्हणाल तर तोही त्या पाटीच्या फारसा बाजूने नाही. १९३०च्या वस्तुविक्री कायद्याचं १५वं कलम सांगतं की वर्णनावरून माल विकला तर तो वर्णनाप्रमाणे असला पाहिजे. ही अट न लिहिताही करारात धरलेली असते. आणि फोटो-वर्णनावरून नाणं विकणं म्हणजे वर्णनावरून विकणं नाही तर काय! २०२०चे ई-कॉमर्स नियम तर आणखी स्पष्ट आहेत. माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार आली की तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्यात निकाली काढायची. घरातली एखादी वस्तू हौसेने विकणाऱ्या व्यक्तीला या नियमांतून सूट आहे. पण दर शनिवारी दहा लिस्टिंग टाकणाऱ्याने ‘मी तर हौशी’ म्हणू नये. (मी स्वतःला बरेच दिवस असंच समजावत होतो.)

आता समोरच्या बाजूचं ऐकू. कारण ती बाजू खोटी नाही. “तू बोलतोस शहाणपणाचं, पण बायर काय चोर असतात माहितेय का?” हो, माहितेय. अनुभवाने माहितेय.

गेल्या वर्षी १९४७चा तोच वाघवाला रुपया, पण खरोखर न वापरलेला, मी २,२०० रुपयांना विकला. पाचव्या दिवशी रिटर्न रिक्वेस्ट – ‘वर्णनाप्रमाणे नाही’. परत काय आलं? १९४७चा वाघवाला रुपया. पण वाघाचे पट्टे झिजून तो मांजर झालेला! माझ्या नाण्यावर वाघाच्या पंजाखाली एक बारीक टोचा होता, तो पाठवण्याआधीच्या फोटोत दिसतो. आलेल्या नाण्यावर तो नाही. मी लाल गोल काढून दोन्ही फोटो साइटला पाठवले. उत्तर आलं – दोन्ही नाणी १९४७ची एक रुपयाची आहेत, सबब प्रॉडक्ट जुळतंय, रिफंड दिला गेला आहे. च्यायला! पायमोजे आणि नाणी यांना एकच चेकलिस्ट लावल्यावर दुसरं काय होणार?

तर २,२०० गेले आणि वर एक मांजर मिळालं. खूप चिडलो. पाटी परत लावणार होतो. मग एक्सेल उघडली. तोपर्यंत माझ्याकडे एकूण ११ तक्रारी आल्या होत्या. प्रत्येकीसमोर नंतर शांत डोक्याने कारण लिहिलं होतं. सहा ठिकाणी चूक माझी – वर्णन फुगवलेलं, घासलेलं नाणं न ओळखलेलं, एकदा चक्क दुसऱ्याचं नाणं पाकिटात घातलेलं. तीन ठिकाणी वाटेत पाकीट फाटलं किंवा भिजलं. एका ठिकाणी गिऱ्हाइकाचा गैरसमज. आणि एक चोर.

गैरसमजाची गोष्ट गमतीची आहे. एकाने हौसेने स्टार सिरीजची २०ची नोट घेतली. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी जी नोट घालतात, तिच्या नंबरात तारा असतो. रिझर्व्ह बँक २००६ पासून अशा नोटा काढते. जुलै २०२३ मध्ये व्हॉट्सअॅपवर अफवा उठली की तारेवाल्या नोटा नकली. झालं, साहेबांनी डिस्प्यूट टाकला! ज्या ताऱ्यासाठी पैसे मोजले त्याच ताऱ्यासाठी नोट परत. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने या नोटा कायदेशीर असल्याचा खुलासा केला. पण मी वाद घातला नाही, पैसे परत दिले. पुढच्या आठवड्यात तीच नोट दुसऱ्याने घेतली. वादात चार संध्याकाळी गेल्या असत्या, हाती काय लागलं असतं?

तर हिशोब असा – अकरात एक चोर. त्या एकासाठी बाकी दहा जणांच्या तोंडावर दार आपटायचं? आणि चोराला पाटीने फरक पडतो का? माझ्या चोराने तर साइटच्या नियमातून वाट काढली, माझी पाटी तिथे कोण वाचतो!

चोरावर उपाय पाटी नाही, तयारी आहे. आता मी काय करतो ते सांगतो. नाण्याचे तीन फोटो, दोन बाजू आणि एक कड, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात. वजन दशांशासकट. धातू नक्की माहीत असेल तरच लिहायचा. शंका असेल तर ‘घासलेलं असण्याची शक्यता’ असं स्पष्ट लिहायचं. भाव कमी येतो, झोप चांगली येते. प्रत्येक नाण्यावरचा एखादा जन्मखुणेसारखा डाग किंवा ओरखडा आधीच टिपून ठेवायचा आणि तो लिस्टिंगमध्येच दाखवायचा, म्हणजे नंतर तो आपल्यापुरता पुरावा राहत नाही, करारच होतो. नाणं पारदर्शक होल्डरमध्ये, होल्डरवर सहीचं स्टिकर. होल्डरमधून दोन्ही बाजू बघता येतात, त्यामुळे ‘स्टिकर न फाडता सात दिवसांत परत, कारण विचारणार नाही’. स्टिकर फाटलं असेल तर मात्र कारणही विचारणार आणि फोटोही ताडून बघणार. पॅकिंगचा सलग व्हिडिओ. पत्ता घालेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही. चूक माझी असेल तर येण्या-जाण्याचा टपालखर्च माझा. मन बदललं असेल तर त्यांचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या मेसेजला वकिलासारखं उत्तर द्यायचं नाही. आधी विचारायचं, ‘तुम्हाला नेमकं काय दिसलं? फोटो पाठवाल का?’ निम्मे तंटे या एका वाक्यावर मिटतात, कारण समोरच्याला भांडायचं नसतं, त्याला ऐकून घेणारं कोणीतरी हवं असतं.

घेणाऱ्यांनाही दोन शब्द. ‘निम्मे पैसे परत द्या नाहीतर निगेटिव्ह फीडबॅक’ हा परतावा नाही, ही खंडणी आहे. आवडलं नाही तर अख्खं नाणं परत करा आणि अख्खे पैसे घ्या. नाणं आलं की त्याच दिवशी बघा, तीन महिन्यांनी चांदीचा भाव उतरल्यावर नाही. आणि साइटवाल्यांनो, तुम्हीही. ईबेने २००८ मध्ये विक्रेत्यांना गिऱ्हाइकाविरुद्ध निगेटिव्ह शेरा देणं बंद केलं, कारण सूड म्हणून शेरे दिले जात होते. ठीक आहे, कारण पटतं. पण मग निवाडा करणाऱ्याला वाघ आणि मांजर यांतला फरक कळायला हवा की नको? कमिशन दोघांच्या व्यवहारावर घेता, तर डोळेही दोघांसाठी उघडे ठेवा.

असो. सरांचं काय झालं?

दिवाळीहून परत आल्यावर मी त्यांना फोन केला. रांगोळीची सगळी गोष्ट सांगितली, माफी मागितली आणि ३,८०० रुपये त्यांच्या खात्यावर पाठवले. म्हटलं, नाणं राहू द्या तुमच्याकडे. ते हसले. म्हणाले, “अहो, आमच्याकडेही रांगोळीनेच घासायचे. म्हणून तर ओळखलं.”

दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात ६५० रुपये आले. खाली टीप – ‘चांदीच्या भावाने. नाणे ठेवून घेत आहे.’

डिस्प्यूट जिंकल्याचा चहा मी पाजला होता. या साडेसहाशेचं काय करावं ते अजून सुचलेलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या लिस्टिंगखालची ती ओळ गेली. तुमच्या खाली असेल तर एकदा वाचून बघा – ती नक्की कोणाला वाचवतेय?